घरटी एक गोळी

बुधवार, ११ डिसेंबर २०२४

घरभर येरझाऱ्या घालण्यापेक्षा लिहीत जा, फरशी तरी कमी झिजेल, असं नम्रता म्हणाली. माझी बायको कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे झीज वगैरे तिला मोजता येते. म्हणून ही वही.

आज आमचे विभागप्रमुख विक्रमसर यांना पत्र दिलं. एक जानेवारीपासून मी कॅथलॅबमध्ये नाही. सतरा वर्षं हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या फुगे घालून उघडल्या. आता त्या तुंबूच नयेत म्हणून काय करता येईल, याचं संशोधन करणार. सरांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे एवढा हात बसलेला माणूस आता दारोदार रक्तदाब मोजत फिरणार. छान. आपल्याकडे हे काम नर्स करतात," म्हणाले. मी हसलो.

कारण एकच आहे, ते लिहूनच टाकतो. या जानेवारीत हिंजवडीचा साईनाथ आला. वय छत्तीस, कंपन्यांच्या बस चालवायचा. वीस मिनिटांत मी त्याची नळी उघडली. काम देखणं झालं होतं. तासाभरात तो गेला. बाहेर त्याची आई उभी होती, सरुबाई. ती रडली नाही. "ह्ये आधी कळत न्हाई का हो, डाक्टर?" एवढंच तिनं विचारलं. मी "सॉरी" म्हणालो आणि पुढची केस घ्यायला आत गेलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

रविवार, २९ डिसेंबर

अभ्यासाचे नियम आज नक्की झाले. हिंजवडी गावठाण आणि भोवतालच्या वाड्यांतली एकशे चाळीस घरं. दाब वाढलेला आहे पण अजून काही झालेलं नाही, अशा माणसाला रोज एक गोळी, घरपोच, वर्षभर. मदतीला घेतलेली ऋतिका दर महिन्याला जाऊन दाब मोजेल आणि रिकाम्या स्ट्रिपा मोजून परत आणेल. दाब उतरला नाही, तर मी गोळीची ताकद वाढवायची.

आमचे आकडेतज्ज्ञ दिगंबर यांची एकच अट: घरटी एकच माणूस. एका कढईतलं खाणारी दोन माणसं दोन धरता येत नाहीत म्हणे. घरात दोघांचा दाब जास्त निघाला, तर चिठ्ठी टाकायची.

"आणि ज्याची चिठ्ठी नाही निघाली त्याचं काय, सर?" ऋतिकानं विचारलं. ती वर्ध्याची, समाजकार्य शिकलेली. कर्वेनगरात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते.

त्याला सरकारी दवाखान्याचा पत्ता छापलेला कागद द्यायचा, असं ठरलं. नियम सुटसुटीत झाले आहेत. मला असं स्वच्छ काम आवडतं.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

नम्रतानं गावात वाटायला तिळाच्या वड्यांचा डबा दिला. "नियमाप्रमाणे घरटी एकालाच दे हं," म्हणाली. "बाकीच्यांना हलवायाचा पत्ता दे."

विनोद बरा होता. तिला संशोधनाची शिस्त कळत नाही, असं म्हणावं तर ती गणिताची. म्हणून डबा उचलला आणि निघालो.

गुरुवार, १६ जानेवारी

आज सरुबाईंच्या घरी गेलो. जाणं टाळता आलं असतं, यादीत एकशे चाळीस घरं आहेत. पण गेलो.

तीन मजली इमारत आहे. वरच्या दोन मजल्यांवर कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्यात, खाली हे तिघं: सरुबाई, तिचे मालक गेनबा आणि साईनाथची बायको आनंदी. आनंदी सकाळीच एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाते. गेनबांची जमीन समोरच्या काचेच्या इमारतीखाली गेली. ते दिवसभर ओट्यावर बसून त्या काचेकडे बघतात.

मी नाव सांगितलं. सरुबाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "या. बसा." मला वाटलं, ओळखते की नाही कोण जाणे. हॉस्पिटलात मी टोपी-मास्कमध्ये होतो.

दोघांचाही दाब जास्त. गेनबांचा जरासाच, १४८. सरुबाईंचा चक्क १७६. चिठ्ठी टाकली, सरुबाईंची निघाली. मला मनातून बरं वाटलं, कारण गरज तिला जास्त होती. कधीकधी चिठ्ठीलाही अक्कल असते. तिचा चेहरा मात्र पडला.

"माझी कशाला? ह्यांची काढा. बाईमानसाला कुटं अटॅक येतोय?"

मी दहा मिनिटं समजावलं, की बायकांनाही येतो. गेनबा ओट्यावरूनच बोलले, "मला न्हाई पायजे. मला काय धाड भरलीया? रोग्यागत गोळ्या खायाला?" पत्त्याचा कागद त्यांनी घडी घालून भिंतीच्या फटीत खोचला.

निघताना ठरवलं, या घरातून दुसरं माणूस जाऊ द्यायचं नाही. बाकी एकशे एकोणचाळीस घरांबद्दल मी असं काही ठरवलं नाही, हे इथं कबूल करतो.

सोमवार, २७ जानेवारी

दहा दिवसांची पहिली तपासणी. सरुबाई: १५२. एका गोळीनं चोवीस अंक खाली.

मी रस्त्यातच नम्रताला फोन केला. ती वर्गात होती, तिनं कापला. मग विक्रमसरांना केला. "अभिनंदन. नोबेलवाल्यांना कळवलंस का?" म्हणाले. काही का म्हणेनात. आज घरी आल्यावर सलग वीस मिनिटं खुर्चीत बसलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सरुबाई: १७४. ऋतिकाच्या यंत्रावर विश्वास बसेना, म्हणून मी स्वतः जाऊन मोजलं. १७४.

रिकाम्या स्ट्रिपा बरोबर होत्या, गोळ्या मोजून संपलेल्या. मीठ विचारलं, लोणचं विचारलं, पापड विचारले. सगळं कमी केलंय म्हणाली. मग तिनंच मला विचारलं, "डाक्टर, ही गोळी गडीमानसाला बी चालती का?"

मला कौतुक वाटलं. इतक्या नेमक्या शंका शिकलेले लोकही विचारत नाहीत. औषध स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, दोघांच्या रक्तवाहिन्यांवर ते सारखंच काम करतं, असं मी तिला नीट उलगडून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं.

गेनबा आज तरतरीत दिसले. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "हिनं ताकदीचं काय काय चालू केलंया." बदाम वगैरे देत असावी.

मंगळवार, १ एप्रिल

सरुबाई १७८. गोळी पुढच्या ताकदीची केली. एकूण यादीतली पन्नासेक माणसं अशीच अडून बसलीत. स्ट्रिपा रिकाम्या, दाब जागच्या जागी. पुस्तकात असं होत नाही.

डोकं भणभणलंय. नम्रता खडकवासल्याला फिरायला चल म्हणत होती. गेलो नाही, तक्ता मांडत बसलो.

गुरुवार, १७ एप्रिल

आज ऋतिकाशी वाजलं. लिहिताना अजून राग आहे.

गोळी पोटात गेली आणि दाब उतरला नाही, या दोन्ही गोष्टी पन्नास घरांत एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मग एक खोटी आहे. आकडे आणतं कोण? ती. उन्हातान्हात एकशे चाळीस घरं फिरण्यापेक्षा खोलीवर पंख्याखाली बसून तक्ते भरणं सोपं, हे मलाही कळतं. मी हे तिला दिगंबरांच्या देखत विचारलं.

ती म्हणाली, "सर, मी घरोघरी जाते. आपण स्ट्रिपा मोजतो. तोंडं नाही मोजत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मलेबी नक्की माहीत नाही. पण बाया गोळीचं विचारलं की हसतात. मी मागच्या महिन्यात तुम्हाले म्हटलं होतं, एकदा निवांत बसून विचारू. तुम्ही म्हणाले, वेळ नाही."

असल्या उलट उत्तरांनी आकडे सुधारत नाहीत. मी तिला लेखी मेमो दिला. तिनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. पुढचा महिना मी स्वतःच फिरेन.

रविवार, २० एप्रिल

एक गोष्ट या वहीत नाही. ती लिहिली नाही, तर बाकीचं लिहिणं म्हणजे नुसता टाइमपास आहे.

साईनाथ माझ्याकडे मरायला आला, ती त्याची पहिली खेप नव्हती. दोन वर्षं आधी ओपीडीत आला होता. धावपळीत छातीवर दडपण येतं म्हणाला. दाब १५०, वजन जास्त. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. मी लिहिलं: मीठ कमी, रोज चालणे, सहा महिन्यांनी दाखवा. तीन मिनिटं लागली असतील. तो पुन्हा आला नाही, आणि तो आला नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. तो गेल्यावर संगणकात त्याचं नाव शोधलं, तेव्हा माझीच नोंद समोर आली.

"आधी कळत न्हाई का?" असं ती विचारत होती. आधी मला दाखवलेलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, नम्रतालाही नाही.

शुक्रवार, २ मे

ऊन मरणाचं. सरुबाई १८०. गोळी सगळ्यात मोठ्या ताकदीची केली, त्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषधही आहे. एवढं पुरायला हवं. नाही पुरलं तर हा अभ्यास गुंडाळून विक्रमसरांपुढे उभं राहायचं.

गेनबा ओट्यावरून उठताना खांबाला धरून उभे राहिले. "डोळ्यापुढं अंधारी येतीया, डाक्टर." मी म्हटलं, ऊन आहे, ताक प्या, सावकाश उठा. अजून वीस घरं राहिली होती आणि ते माझ्या यादीत नाहीत.

सरुबाई उंबऱ्यात उभी राहून आमच्या दोघांकडे बघत होती. काहीतरी विचारायचं होतं बहुतेक. मी निघालो.

मंगळवार, १३ मे

सकाळी दहाला आनंदीचा फोन. गेनबा जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलंय.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ते स्ट्रेचरवर होते. दाब ८४. एवढ्या खाली तो कशानं गेला, ते कळेना. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? आनंदी म्हणाली, "मामंजी औषधाला हातसुद्धा लावत नाहीत."

गेनबा पडल्या पडल्या म्हणाले, "ती ताकदीची घेतो की. ही देती रोज सकाळी, दुधासंगट. पांढरी."

मी सरुबाईकडे बघितलं. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत माझ्या अभ्यासाची स्ट्रिप, अर्धी संपलेली.

मी कुणाचा दाब मोजत होतो आणि औषध कुणाच्या पोटात जात होतं, ते तिथं मला कळलं. तिचा दाब उतरत नाही म्हणून मी गोळी वाढवत गेलो. वाढवलेली प्रत्येक गोळी त्यांनी घेतली. म्हाताऱ्याला जिन्यावरून मी ढकललं. अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं, महिन्याला एक पायरी.

बुधवार, १४ मे

गेनबांचं ऑपरेशन झालं. ते वाचतील. चालतील की नाही, सांगता येत नाही.

घटनेची नोंद करायचा फॉर्म भरायला घेतला. त्यात 'सहभागी व्यक्तीचा क्रमांक' असा रकाना आहे. गेनबांना क्रमांकच नाही. रकान्यात मी 'सरुबाईंचे पती' असं लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.

नम्रताला सगळं सांगितलं, साईनाथची ओपीडीसुद्धा. तिनं टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ३० मे

पंधरा दिवसांत नव्वद घरं झाली. सगळीकडच्या गोळ्या पहिल्याच दिवशी पुन्हा कमी ताकदीच्या केल्या. यावेळी यंत्र पिशवीतच ठेवलं. बसलो, चहा घेतला आणि विचारलं.

कुणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही "स्ट्रिप संपली का?" विचारत होतो आणि ती संपलेली असायची. चौतीस घरांत गोळी वाटून खाल्ली गेली. कुणी सुरीनं अर्धी करून, कुणी एक दिवस तिनं आणि एक दिवस त्यानं. एका घरात दोघा जावांनी. चंद्रभागा नावाच्या आजी मलाच रागावल्या: "घरात आलेलं एकट्यानं खायाचं? असलं वळन न्हाई आमच्यात." दिगंबर एका कढईतली माणसं म्हणाले होते ना. कढई आम्ही धरली, कढईभोवती बसणाऱ्यांची रीत धरली नाही.

संध्याकाळी कर्वेनगरला गेलो. ऋतिका खाली दुकानात दूध घ्यायला आली होती. फुटपाथवर उभं राहून मी माफी मागितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"लिहून द्या, सर," म्हणाली. "मेमो लिहून दिला होता ना."

मी तिथंच, दुकानदाराकडून कागद मागून लिहून दिलं. तिनं वाचलं आणि एका ठिकाणी वेलांटी सुधारली. सोमवारपासून येते म्हणाली. उरलेली पन्नास घरं तिला करू द्यायची, मी नुसतं बरोबर जायचं, या अटीवर.

गुरुवार, १२ जून

अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभा होतो. विक्रमसर अध्यक्ष. मी सगळं वाचून दाखवलं, गेनबांसकट. पाच महिन्यांचे आकडे बाद. एक सदस्य म्हणाले, अभ्यास बंद करा. मला वाटलं, संपलं.

सरांनी विचारलं, "पुन्हा केलास तर काय बदलशील?"

"घरटी एक माणूस नाही, घर धरायचं. ज्याचा ज्याचा दाब जास्त आहे त्या प्रत्येकाला त्याची त्याची गोळी. आणि गोळी देण्याआधी प्रत्येक घरात नुसतं बसून बोलायचं."

"हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं तुला?"

मला तिळाच्या वड्या आठवल्या. "सांगितलं होतं," मी म्हणालो.

सरांनी चष्मा पुसला. शून्यापासून सुरू करायची परवानगी मिळाली. बाहेर आल्यावर म्हणाले, "नळ दुरुस्त करताना तू एवढा घोटाळा कधी केला नव्हतास." हे कौतुक होतं की काय, कळलं नाही. पण दोन मजले माझ्याबरोबर जिना उतरले.

शनिवार, १४ जून

आज सरुबाईंकडे. गेनबा वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात आता. त्यांचा दाब १४२, सरुबाईंचा १७६. दोघांना दोन वेगळ्या स्ट्रिपा दिल्या.

मग, घरून ठरवून आलो होतो म्हणून, मी म्हणालो, "मावशी, साईनाथ आधी एकदा माझ्याकडं आला होता. मी त्याला औषध दिलं नाही."

ती आत गेली. पत्र्याचा डबा घेऊन आली आणि त्यातून घडी घातलेला कागद काढला. माझं अक्षर, माझी सही. मीठ कमी, रोज चालणे, सहा महिन्यांनी दाखवा.

"ठावं हाय. मीच आनला व्हता त्याला. भायेर बाकड्यावर बसले व्हते."

"मग जानेवारीत मी दारात आलो, तेव्हा हाकललं का नाही?"

"हाकलून काय? दुसऱ्या कुनाच्या दारात गेला असता." तिनं कागद परत घडी घातला. "म्हनलं, येऊ दे. बगू तरी काय देतोय."

"मग गोळी का नाही घेतली?"

"घेतली की. पैले धा दिस म्याच खाल्ली. तुमच्या हातची व्हती. हिच्यानं काय व्हतं ते नको का बगायाला? काय वंगाळ झालं न्हाई, मंग ह्यांना चालू केली."

दहा दिवस. २७ जानेवारीचा १५२ होता तो. माझ्या सगळ्या तक्त्यातला तो एक आकडा, ज्याच्यावर मी खुर्चीत वीस मिनिटं बसलो होतो. आकडा खरा होता, गोळी लागू पडली होती. ती मला तपासत होती, मला पास केलं होतं, आणि पास झालेलं औषध तिनं नवऱ्याला देऊन टाकलं.

गेनबा म्हणाले, "आता हिची गोळी म्या बगतो. गिळल्याबिगर उठूच देत न्हाई." सरुबाईनं माझ्यासमोर स्ट्रिप फोडली, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्याली. मग गेनबांसमोर तोंड उघडून दाखवलं, आणि मान वळवून मलाही.

ऋतिकानं वहीत नोंद केली. चहा झाल्यावर आम्ही शेजारच्या घरी गेलो.